लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस : वाचकांची प्रश्नोत्तरे

हापूसचा हंगाम उरकला की लेह-लडाख, असा बेत यंदाही किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांत शिजतो आहे. त्यामुळे प्रश्नही तेच तेच येतात, आणि उंचीबद्दलचा गोंधळ बहुतेकांत डोकावतो. त्यातल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : आमचं बागेचं काम जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपतं. लेहला पावसात सापडू का? (देवगड)

नाही. लडाख पर्जन्यछायेत आहे आणि जून ते सप्टेंबर हाच तिथला पर्यटनाचा हंगाम. मनालीमार्गे रस्त्याने जाणार असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात दरडी कोसळतात, हे मात्र धरून चाला.

प्रश्न : आमची प्रीपेड सिमकार्डं तिथे चालतील का? (गुहागर)

नाही. घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या.

प्रश्न : एजंटने पाच रात्रींचा कार्यक्रम दिला आहे. पहिल्या दिवशी सकाळी विमानाने लेह, दुपारी शांती स्तूप आणि बाजार. दुसऱ्या दिवशी पँगाँगला मुक्काम, तिसऱ्या दिवशी नुब्रा. वडील ६४ वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांना झेपेल का? (रत्नागिरी)

हा कार्यक्रम बदलून घ्या. केवळ वडिलांसाठी म्हणत नाही, पंचविशीतल्या धडधाकट मुलानेही असा कार्यक्रम स्वीकारू नये.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो किनाऱ्यावरच्या दाबाच्या साधारण दोन-तृतीयांश भरतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढा कमी मिळतो. शरीर श्वास वाढवून ही तूट भरून काढतं, त्याने रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित बिघडतं आणि ते सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. या दिवसांना पर्याय नाही.

विमानातून उतरल्यावर छान वाटतं, आणि लोक फसतात ते इथेच. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं हा त्रास सहसा ६ ते १२ तासांनी सुरू होतो, म्हणजे दुपारी स्तूपाच्या पायऱ्या चढून झाल्यावर रात्री. फुप्फुसात पाणी होण्याचा जिवावरचा प्रकार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत उद्भवतो. तुमच्या कार्यक्रमात नेमकी दुसरी रात्र पँगाँगला आहे, ४,२५० मीटरवर. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असा नियम आहे. इथे ती एकदम ७५० मीटरने वाढते. शिवाय पँगाँगहून लेहच्या नेहमीच्या वाटेवर चांग ला ही सुमारे ५,३६० मीटरची खिंड आहे. मध्यरात्री माणूस अत्यवस्थ झाला तर त्याला खाली आणण्यासाठी आधी हजार मीटर वर चढवावं लागतं. एजंट हे बोलत नाहीत. मोकळे दोन दिवस म्हणजे हॉटेलच्या दोन जादा रात्री, आणि त्या धरल्या की पॅकेज शेजारच्या दुकानापेक्षा महाग दिसतं.

त्यांच्याकडून असा कार्यक्रम मागा. लेहला तीन रात्री. पहिला दिवस खोलीत आणि अंगणात काढायचा, हलकं जेवायचं, लघवी फिकट राहील इतकं पाणी प्यायचं. दारू नाही, झोपेची गोळी नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात सपाटीवर सावकाश फेरी, तिसऱ्या दिवशी गाडीने जवळपासची ठिकाणं. मग नुब्रात दोन रात्री. वाटेतली खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे १५-२० मिनिटांत फोटो काढून पुढे निघा. नुब्रातलं मुक्कामाचं गाव हुंदर मात्र ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहहून खाली, त्यामुळे झोप चांगली लागते. नुब्राहून श्योक नदीच्या खोऱ्यातून थेट पँगाँग गाठून ‘एक दिवस वाचवू’ म्हणतील. त्यात झोपण्याची उंची एका दिवसात हजार मीटरहून जास्त वाढते, म्हणून नको म्हणा. लेहला परत या, एक रात्र काढा आणि सगळे ठणठणीत असतील तरच पँगाँगला एक मुक्काम करा. शेवटी लेहला दोन रात्री ठेवा, कारण खराब हवेमुळे विमानं रद्द होतात. एवढी रजा नसेल तर पँगाँग गाळा. विश्रांती गाळू नका.

वडिलांची गोळी बंद करायची नाही. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब उलट थोडा वाढतो. निघण्याआधी महिनाभर त्यांना फिजिशियनकडे न्या, ईसीजी काढा, आणि बेत मुक्कामांच्या उंचीसकट डॉक्टरांपुढे ठेवा. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर हृदयरोगतज्ज्ञांनी हो म्हटल्याशिवाय तिकीट काढू नका.

प्रश्न : कापूर हुंगला की दम लागत नाही, असं सगळे सांगतात. सोबत ऑक्सिजनचे छोटे कॅनही घेऊ का? (मालवण)

कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. घरात लहान मूल असेल तर कापराच्या वड्या खिशात नेऊच नका. एखादी पोटात गेली तरी मुलाला झटके येऊ शकतात.

कॅनचं गणित स्वतः करा. १० लिटरचा कॅन मिनिटाला २ लिटर या वेगाने ५ मिनिटं पुरतो. आजारी माणसाला प्राणवायू तासन् तास लागतो. त्यापेक्षा गाडीत भरलेला मोठा सिलिंडर आहे का, त्याला मास्क आणि चावी आहे का, हे निघण्यापूर्वी ड्रायव्हरकडून उघडून बघून घ्या.

प्रश्न : डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) मेडिकलमधून आणून सगळ्यांनी घ्यावी का? (चिपळूण)

सगळ्यांनी नाही, आणि विचारल्याशिवाय कोणीच नाही. प्रौढांना प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, आधीपासून चालू असलेली लघवीची गोळी, यातलं काहीही असेल तर निर्णय डॉक्टरांचा. बोटांना मुंग्या येतील, लघवीला जास्त होईल. गोळी घेतली म्हणून विश्रांती टळत नाही.

प्रश्न : त्रास झाला तर परत कधी फिरायचं? ‘सकाळी बरं वाटेल’ असंच सगळे म्हणतात. (वेंगुर्ला)

सकाळची वाट बघू नका. नुसती डोकेदुखी असेल तर आहे तिथेच थांबा, वर चढू नका. स्वस्थ बसूनही धाप लागते, खोकला वाढतो, ओठ निळसर दिसतात, किंवा बोलण्यात गोंधळ होतो, असं काहीही दिसलं तर त्याच क्षणी प्राणवायू लावा आणि खाली निघा. एक चाचणी घरच्यांनाही जमते. जमिनीवर सरळ रेघ धरून टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल तर मेंदूला सूज येत असण्याची शक्यता आहे. लेहमध्ये सोनम नोरबू रुग्णालयात अशा रुग्णांची सवय आहे. नुब्रात दिस्कितला रुग्णालय आहे. ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, थंड बोटांवर तो चुकतो. आकडा बरा दिसला तरी ही लक्षणं असतील तर डॉक्टर गाठा.

प्रश्न : तलाव आणि खिंडी सोडून लेहमध्ये बघण्यासारखं काय आहे? (दापोली)

भरपूर आहे, आणि टूरवाले तेच गाळतात. बाजारामागच्या टेकडीवर नऊ मजली लेह राजवाडा आहे, सतराव्या शतकातला, सेंगे नामग्यालचा. आत जिने अंधारे आणि दारं ठेंगणी आहेत, टॉर्च न्या आणि डोकं सांभाळा. शांती स्तूप १९९१ चा. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पायऱ्यांचा हट्ट नको. शहराबाहेर, सुमारे १९ किलोमीटरवर थिकसेचा मठ. तिथली मैत्रेय बुद्धाची मूर्ती जवळजवळ १५ मीटर उंच, दोन मजल्यांतून वर गेलेली, आणि दारातून आत शिरलं की चेहरा थेट समोर येतो. वाटेत शे हे जुन्या राजवाड्याचं गाव आहे.

तिसऱ्या दिवसासाठी माझी पसंती अल्चीच्या मठाला. ६०-६५ किलोमीटरचा चांगला रस्ता, लेहपेक्षा कमी उंची आणि अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमाराची भित्तिचित्रं. आत फोटो काढायला मनाई आहे, ती पाळा. जाताना निम्मूला सिंधू-झंस्कारचा संगम दिसतो. त्याच रस्त्यावरच्या ‘मॅग्नेटिक हिल’मध्ये चुंबक नाही. आजूबाजूच्या उतारांमुळे रस्ता चढाचा भासतो, इतकंच. मठांत प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घाला.

प्रश्न : घरची गाडी घेऊन जाणार आहोत. श्रीनगरमार्गे जावं की मनालीमार्गे? (सावंतवाडी)

जाताना श्रीनगरमार्गे. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास, सोनमर्ग आणि कारगिल २,७०० च्या आसपास, मग लेह. दोन्हीकडे मुक्काम केलात तर शरीराला वेळ मिळतो. मनालीच्या वाटेवर लोक सार्चूला, ४,२९० मीटरवर, तंबूत झोपतात आणि तिथेच आजारी पडतात. परतताना मनाली चालेल. गाडी भाड्याची, लडाखबाहेरची असेल तर स्थानिक फिरण्याला तिथली टॅक्सी संघटना हरकत घेते, तेव्हा आधी चौकशी करा.

प्रश्न : सून पाच महिन्यांची गरोदर आहे, नेऊ का? (अलिबाग)

यंदा नको. तरीही जायचंच असेल तर आधी तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.