गुडघ्यांसाठी कुठली गोळी घेऊ?

प्रश्न : मी ६१ वर्षांची, आचऱ्याला राहते. मधुमेह १८ वर्षांपासून. दोन वर्षांपूर्वी पोटात पाणी झालं तेव्हा लिव्हर सिरॉसिस निघाला. दारू मी कधी चाखलेली नाही, तरी वाडीत बायका विचारतात, ‘तुका ह्यो आजार कसो झालो गो?’ आणि नजर खाली जाते. गुडघे ठणकतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मेडिकलवाला देतो ती गोळी घेतली की दोन दिवस बरं वाटतं, मग पायांवर सूज चढते. पॅरासिटामॉलने लिव्हर जातं म्हणून सुनेने ती बंद केली. मीठ तर आम्ही भाजीत घालतच नाही. काय करू?

उत्तर : ताई, नजर खाली घालू नका. वर्षानुवर्षांच्या मधुमेहात यकृतात चरबी साठते आणि त्यातूनही सिरॉसिस होतो. दारूचा थेंब न घेतलेली तुमच्यासारखी माणसं मी रोज तपासते.

आता गोळी. दुकानातून बिनचिठ्ठीची मिळते तिच्या पाकिटावर बहुधा अ‍ॅसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन लिहिलेलं असेल, बघा. ती आजच बंद करा. या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो, अंगात मीठ-पाणी साचतं आणि तुमच्या लघवीच्या गोळीचा गुण जातो. सूज चढते ती बहुतेक त्यामुळेच. शिवाय सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असू शकतात, त्यातून रक्तस्राव झाला तर जिवावर बेततं. शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा रक्ताची उलटी झाली तर सकाळची वाट पाहू नका.

सुनेची धास्ती मायेपोटी आहे, पण इथे उलट आहे. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताला घातकच, मात्र मापात घेतलं तर तुमच्यासाठी तेच त्यातल्या त्यात सुरक्षित. दिवसभरात जास्तीत जास्त २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. तुमच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते याच हिशेबात धरा. झोपेची गोळी मात्र मागू नका, ग्लानी येऊन भ्रम होऊ शकतो.

मिठाबद्दल सांगताना मला माझी आई आठवते. तिलाही हाच आजार होता. भाजीतलं मीठ मी बंद केलं आणि ती रोज वाटीभर सोलकढी पीत राहिली, आगळाची. आगळ टिकतो तोच मिठावर, हे वेंगुर्ल्यात वाढूनही माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले. तेवढ्यात दोनदा पोटातलं पाणी काढावं लागलं. म्हणून विचारते, घरात आगळ, सुकट, सुके बोंबील, पापड, लोणचं यांतलं काय चालतं? सगळं मिळून दिवसाचं मीठ सपाट चमचाभर, ५ ग्रॅमच्या आत हवं. रतांबे आले की ताजा रस काढा, एरवी लिंबू आणि तिरफळ. ताजी मासळी जरूर खा. प्रथिनं कमी करायची नाहीत, उलट तुमचे स्नायू आधीच झिजतायत.

पोटऱ्यांतले गोळेही या आजारात फार जणांना येतात. रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम, सोडियम तपासून घ्या, लघवीच्या गोळीने ते हलतं. गोळा आला की पाय सरळ करून चवडा अंगाकडे ओढून धरा. आणि रात्री उपाशी झोपू नका. सिरॉसिसमध्ये एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा पडतो, मग शरीर स्नायू तोडून खातं. निजायच्या आधी वाटीभर बिनसाखरेची नाचणीची आंबील दुधातून घ्या. साखरेच्या औषधाचा मेळ त्याप्रमाणे डॉक्टर घालून देतील.

तुमच्याकडे खाडी जवळ, म्हणून एक. कालवं काढायला अनवाणी उतरू नका आणि कच्चं कालव तोंडात टाकू नका. खाऱ्या पाण्यातले काही जंतू सिरॉसिसच्या माणसाला एक-दोन दिवसांत अत्यवस्थ करतात. पायाला चीर पडून लाल झाली, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सिरॉसिस आहे हे डॉक्टरांना आधी सांगा.