वॉटसनची इमारत पाडायची कशाला?

प्रश्न : काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीजवळ एक मोडकळीला आलेली इमारत आहे. मुलगा म्हणतो, देशातला पहिला सिनेमा तिथेच दाखवला. खरं का? आणि ती पाडून का टाकत नाहीत? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. ही एस्प्लनेड मॅन्शन, पूर्वीचं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचे खेळ इथे झाले, तिकीट एक रुपया. आठवडाभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. ते पाहून आपले सावे दादा, म्हणजे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, इतके भारावले की त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली.

पण ताई, माझा जीव जडलाय तो तिच्या सांगाड्यावर. उमेदवारीत मी तिथे एका वकिलांकडे कारकुनी करायचो. शेजारीच सेशन्स कोर्ट, त्यामुळे मजले वकिलांच्या पाट्यांनी भरलेले. भिंतीत कॅलेंडरसाठी खिळा ठोकावा आणि तो वाकला, की समजायचं, मागे बिडाचा खांब आहे. रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरने आराखडा केला. खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणल्या आणि १८६०च्या दशकात इथे जोडल्या. इमारतीचा भार त्यांच्यावर. विटांच्या भिंती नुसता भराव. अशी इमारत देशात फार जुनी, फार दुर्मीळ.

मग ही दशा का? हॉटेल बंद पडल्यावर मोठ्या खोल्यांच्या छोट्या खोल्या केल्या, पोटमाळे चढले, पाणी मुरत राहिलं, डागडुजी कुणी मनावर घेतली नाही. २००५मध्ये दर्शनी भागाचा काही हिस्सा कोसळला. २०१९मध्ये इमारत रिकामी केली. पाडण्याची शिफारस करणारा तज्ज्ञांचा अहवालही आला, आणि त्याला विरोध करणारे वास्तुरक्षकही उभे राहिले. मी दुसऱ्यांच्या बाजूचा. जे सुटे भाग जोडून उभं केलं, ते भाग तपासून दुरुस्त करता येतं. आधी वरचा बेकायदा बोजा उतरवा, पाणी अडवा, गंजलेले भाग बदला. खर्च येईल, वेळही जाईल, पण होईल.

एक सांगतो, टाटांना या हॉटेलात येऊ दिलं नाही म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट मुलाला खरी म्हणून सांगू नका. तिला पुरावा नाही.