पाणी 1850, माती 1.6

प्रश्न : कृष्णाकाठी आमचं दीड एकर काळं रान आहे, ऊस असतो. माती तपासली तर क्षारता 1.6 आली आणि विहिरीच्या पाण्याची 1850! शेजारी म्हणतात, माती झकास आहे, विहीर बुजवून टाका. दोन्ही अहवालांच्या झेरॉक्स पाठवतोय.
– एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : भाऊ, विहीर बुजवू नका. पण माती झकास आहे, असंही धरून चालू नका.

झेरॉक्सवर आकड्यापुढचं बारीक अक्षर पाहा. मातीचा आकडा डेसीसायमन प्रति मीटरमध्ये आहे, पाण्याचा मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटरमध्ये. हजाराने भागलं की पाणी 1.85. जुन्या अहवालांतला मिलिम्होज प्रति सेंटिमीटर म्हणजे डेसीसायमन प्रति मीटरच.

खरी मेख मातीत आहे. तुमच्या अहवालात पद्धत 1:2.5 लिहिलीय, म्हणजे 20 ग्रॅम माती 50 मिलिलिटर पाण्यात ढवळून मोजलेली. मुळांना एवढं पाणी कुठलं? जमीन क्षारपड ठरवायची 4 ची रेषा माती जेमतेम चिंब करून काढलेल्या अर्काची आहे. काळ्या मातीत तो आकडा ढोबळमानाने तिप्पट निघतो. तुमचा पाचाच्या घरात जाईल, आणि उसाचं उत्पादन 1.7 पासूनच घटू लागतं.

प्रयोगशाळेत नोकरी लागण्याआधी माझ्या वडिलांच्या रानाचा अहवाल मीच वाचला होता. आकडा पाहिला, पद्धत पाहिली नाही, ‘काही नाही आबा, ठीक आहे’ म्हणाले. दोन वर्षांत वरंब्यांवर पांढरं फुटलं. ते रान अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आता पाणी. 1.85 ला 640 ने गुणा : लिटरला सुमारे 1200 मिलिग्रॅम क्षार. एकराला 5 सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे 2 लाख लिटर, म्हणजे जवळपास 240 किलो क्षार. दर पाळीला पाच पोती! ऊस पाणी पितो, क्षार रानातच राहतात. म्हणून मोकाट पाणी थांबवा, नदीचं मिळेल तेव्हा ते द्या आणि आधी निचऱ्याचं बघा. चर किंवा जमिनीखालची पाइप नसताना रान धुवायला गेलात, तर पाण्याची पातळी वर येऊन क्षारही वर येतील.

जिप्सम इतक्यात आणू नका. ते चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीचं औषध, सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, 15 टक्क्यांच्या वर असेल तेव्हाचं. तुमच्या अहवालात सोडियमचा रकाना कोराच आहे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात विचारा, आणि नमुना वरंब्यावरच्या पांढऱ्या थराचा नेऊ नका.