सिंहगड रोडवरचा गाळा घेऊ का? एका फिटनेस ट्रेनरच्या पत्राला उत्तर

तुमचं पत्र थोडक्यात असं. वय ३१. कोथरूडमधल्या एका मोठ्या जिममध्ये सहा वर्षं ट्रेनर. पगार १८,००० रुपये, शिवाय दहा पीटी (पर्सनल ट्रेनिंग, म्हणजे एकेकट्याला शिकवण्याचे) क्लायंट. प्रत्येकाकडून महिन्याच्या बारा सेशन्सचे ८,००० घेतले जातात, त्यातला निम्मा वाटा तुमचा. म्हणजे हातात ५८,०००. पत्नीचा पगार २८,०००, मुलगी दोन वर्षांची, गृहकर्जाचा हप्ता धरून घरखर्च ५०,०००. शिल्लक साडेसहा लाख. सिंहगड रोडवर सातशे चौरस फुटांचा गाळा ४२,००० भाड्याने मिळतोय. डिपॉझिट, मशिन्स, फ्लोअरिंग, आरसे असं सगळं मिळून सोळा लाखांचा अंदाज आहे. त्यातले दहा लाख मुद्रा कर्जातून, बाकीचे शिलकीतून, आणि कमी पडलं तर वडील पाच लाखांची एफडी मोडायला तयार आहेत. गाळामालकाला पंधरा तारखेपर्यंत टोकन हवंय.

टोकन देऊ नका. नोकरी सोडण्याचा विचार मात्र सोडू नका. या दोन गोष्टी तुमच्या मनात एकच झाल्या आहेत, आणि मला त्या आधी वेगळ्या करायच्या आहेत.

धंद्याला भवितव्य आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न. आहे, आणि ते भरभक्कम आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींवर आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटींवर. मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. वेगोवीतलं मूळ औषध असलेल्या सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदतही मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे स्वस्त औषधांची वाट मोकळी होते. ‘मग आमच्याकडे कोण येणार?’ अशी भीती तुम्ही लिहिली आहे. मला उलट वाटतं. या औषधांनी चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि ते टिकवायचे तर वजनं उचलावी लागतात. पन्नाशीतल्या, गुडघे दुखणाऱ्या, साखर असलेल्या माणसाला मोबाईलवरचं फुकट वर्कआउट चालत नाही. त्याच्या शेजारी उभं राहून ‘पाठ सरळ ठेवा, काका’ म्हणणारं कुणीतरी लागतं. नुसतं ‘तीन महिन्यांत सिक्स पॅक’ विकणाऱ्याचे दिवस मात्र कठीण आहेत, कारण ते ज्ञान आता फोनवर फुकट मिळतं.

म्हणजे अडचण मागणीची नाही. पीटी करणारा माणूस तास विकतो, आणि विकले जाणारे तास ठरलेले असतात: सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी सहा ते दहा. दिवसाचे आठ. दुपारी गाळा रिकामा, भाडं मात्र चोवीस तासांचं. तुमच्या आकड्यांवरच हिशेब करू. भाडं ४२,०००. दहा लाखांचं कर्ज १२ टक्के दराने पाच वर्षांसाठी धरलं तर हप्ता साधारण २२,२५०. व्यापारी दराची वीज आणि मेंटेनन्स ९,०००, झाडलोटीला मावशी ५,०००, दुरुस्ती आणि जाहिरात ६,०००. एकूण ८४,२५०. पहिले अकरा क्लायंट केवळ हा खर्च भागवायला लागतील. आजचे ५८,००० घरी न्यायचे तर अठरा हवेत. अठरा क्लायंट म्हणजे महिन्याला २१६ सेशन्स, सव्वीस दिवसांत रोजची आठहून जास्त. तुमचा एकही चांगला तास रिकामा राहता कामा नये, आणि तेवढ्या धावपळीनंतर तुम्ही आज जिथे आहात तिथेच असाल, वर दहा लाखांचं कर्ज डोक्यावर.

दुसरा ट्रेनर ठेवला तर? त्याचा पगार आला, आणि तो सोडून गेला की त्याचे क्लायंट त्याच्यामागे जातात. तुमचे तुमच्यामागे येतील असा तुमचा भरवसा आहे, तसेच. शिवाय क्लायंट एकवीस झाले की वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाते आणि जीएसटी नोंदणी येते. जिमसारख्या सेवांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे ग्राहकासाठी चांगलंच झालं. पण त्या ५ टक्क्यांत इनपुट क्रेडिट मिळत नाही. मशिन्सवर आणि भाड्यावर भरलेला कर तुमच्याच खिशातून जातो.

आता वाईट बाजू. दहापैकी सहाच क्लायंट तुमच्याबरोबर आले असं धरा. कोथरूडचा माणूस रोज सकाळी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून येईलच असं नाही. स्टुडिओत ४८,००० येतील, ८४,२५० जातील. पत्नीच्या पगारात घर भागत नाही, तिथे २२,००० कमी. दोन्ही मिळून महिन्याला ५८,००० ची तूट, आणि शिल्लक तर आधीच मशिन्समध्ये अडकलेली. २०२० मध्ये मार्चपासून दसऱ्यापर्यंत, २५ ऑक्टोबरपर्यंत, राज्यातल्या जिम बंद होत्या. तेव्हा माझ्याकडे हिशेब आणणाऱ्या एका ट्रेनरने ट्रेडमिल अर्ध्याहून कमी किमतीत विकल्या. तो उत्तम ट्रेनर होता आणि आजही आहे. क्लायंट त्याचे टिकले, गाळा टिकला नाही. नाव मोठं असून भागत नाही. जिमच्या धंद्यातलं १९३२ पासूनचं तळवलकरांचं नाव, २०१० मध्ये शेअर बाजारात आलेली कंपनी, आणि २०१९ मध्ये तिला कर्जरोख्यांवरचं व्याज वेळेवर भरता आलं नाही. या धंद्यात कर्जाचा हप्ता सीझन बघत नाही. जानेवारीची गर्दी मार्चपर्यंत ओसरते, मे महिन्यात लोक गावाला जातात, गणपती-दिवाळीत सेशन्स बुडतात.

तर मग काय करायचं? गाळ्याशिवाय स्वतंत्र व्हा. तुमच्या भागातल्या छोट्या जिमशी बोला. सकाळ-संध्याकाळ त्यांची जागा वापरायची, क्लायंट तुमचे, फीमधले ३० टक्के त्यांना. ८,००० मधले ५,६०० तुमचे. अकरा क्लायंट झाले की ६१,६०० होतात, म्हणजे आजच्यापेक्षा जास्त, तेही कर्जाविना. आणि सहाच आले तरी ३३,६०० मिळतात. पत्नीच्या पगारासह ६१,६००, घर चालतं! हा फरक तुम्ही दोघं कागदावर लिहून बघा. मोठ्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्येही विचारा, तिथे मशिन्स असतात आणि शिकवणारा नसतो.

पुढची पायरी चार-चार जणांच्या बॅचची. प्रत्येकी ३,५०० घेतले तर त्याच तासाचे महिन्याला १४,००० होतात. माझ्या मते तुमची खरी वाढ इथे आहे, दुसऱ्या ट्रेनरमध्ये नाही. पंचेचाळिशीच्या पुढच्यांची एक बॅच आधी सुरू करा आणि जवळच्या एखाद्या फिजिओथेरपिस्टशी ओळख ठेवा. दुखणं त्यांच्याकडे पाठवायचं, बरा झालेला माणूस तुमच्याकडे येतो.

दोन गोष्टी सांभाळा. जिमशी झालेला करार नीट वाचा. नोकरी सोडल्यावर स्वतःचा धंदा करू नये अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही, पण नोकरीत असतानाच क्लायंट फोडणं वेगळं. ते करू नका. दुसरं, सहा महिन्यांची फी एकदम आली तर ती कमाई समजू नका. दर महिन्याला एक षष्ठांश काढायचा, बाकी वेगळ्या खात्यात.

साडेसहा लाखांपैकी तीन लाख, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, बाजूला ठेवा आणि ते विसरा. जिमचा ग्रुप विमा राजीनाम्याबरोबर संपेल, म्हणून राजीनाम्याआधी तिघांचा आरोग्य विमा आणि तुमचा एक कोटीचा टर्म विमा घ्या. वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर आता जीएसटी नाही. अपघात विमाही घ्या, आणि हात-पाय काही आठवडे निकामी झाले तर आठवड्याला ठरावीक रक्कम देणारा घ्या. तुमचा खांदा निखळला तर त्या दिवसापासून उत्पन्न शून्य आहे, आणि पत्रात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली.

वर्षभराने तुमचे स्वतःचे बारा क्लायंट सहा महिन्यांहून जास्त टिकलेले असतील आणि एक बॅच भरलेली असेल, तर गाळा बघायला मीच तुमच्याबरोबर येईन. तेव्हा सातशे नाही, साडेतीनशे चौरस फूट बघू. एक रॅक, केबल, बेंच, डंबेल्स, जमलं तर जुनीच मशिन्स, आणि कर्ज तीन लाखांच्या आत.

वडिलांच्या एफडीला तेव्हाही हात लावायचा नाही. तुम्ही लिहिलंत, ‘बाबा म्हणतात, पैसे बँकेत पडून काय उपयोग.’ त्या पाच लाखांचं व्याज त्यांच्या औषधांना लागतं, हेही तुमच्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे.