५ आणि ७ वर्षांची मुलं घरीच शिकतायत, प्लॅनिंग आणि नोंदी कशा ठेवायच्या?

अहो, आधी ते तासातासाचं टाइमटेबल भिंतीवरून काढा, या वयात नऊ ते साडेनऊ गणित वगैरे टिकत नाही. रविवारी रात्री आठवड्याच्या चार-पाच गोष्टी ठरवायच्या बस, म्हणजे मोठ्याची हातच्याची बेरीज, धाकट्याचं एखादं गोष्टीचं पुस्तक, भाजी आणताना सुट्टे पैसे मोजणं, कुठल्या वारी ते मुलांच्या मूडवर.

नोंदीसाठी साधी दोनशे पानी वही, रोज तारीख टाकून दोन-तीन ओळी, पण नुसतं 'वाचन झालं' नको, 'प्र आणि र्प मध्ये गोंधळ, सर्प वाचताना अडला' असं लिहा, पुढच्या आठवड्यात काय घ्यायचं ते त्यातूनच कळतं. महिन्याची दोन-तीन कामं फाइलला, मागे तारीख, सगळंच ठेवलं तर माळा भरेल. अ‍ॅपच्या नादी लागू नका, रोज भरणार कोण!

परीक्षेचं म्हणाल तर एनआयओएस म्हणजे केंद्राच्या मुक्त शिक्षण मंडळाच्या ओबीईत (मुक्त मूलभूत शिक्षण) ए लेव्हल तिसरीच्या, बी पाचवीच्या आणि सी आठवीच्या बरोबरीची, दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे घाई नाही. फक्त जन्मदाखला आणि आधारवर नावाचं स्पेलिंग सेम आहे ना ते आत्ताच बघा, नंतर फार डोकेदुखी होते.