वाचक विचारतात: ब्रह्मदेशातला स्लिम साहेब

प्रश्न: आमचे आजोबा 4/5 मराठा (पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी) पलटणीत होते, मणिपुरात सांगशाकला लढले. त्यांच्या पेटीत सहा टोकांचा तारा आहे. फीत मधे लाल, दोन्ही बाजूंना निळी, निळ्यात नारिंगी रेघ. ‘स्लिम साहेब आपल्यातलाच,’ म्हणायचे. गोरा जनरल आपल्यातला कसा?
– एक वाचक, कळवा

उत्तर: तो बर्मा स्टार, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्यांचं पदक. कृपा करून त्याला ब्रासो लावू नका.

आता साहेब. विल्यम स्लिम बड्या घरचा नव्हताच. वडिलांचा बर्मिंगहॅमला लोखंडी सामानाचा बेताचा धंदा. पोरगा आधी प्राथमिक शाळेत मास्तर, मग नळ्यांच्या कंपनीत कारकून. (नौपाड्यात मीही उभा जन्म मास्तरकीच केली, तेव्हा माझं माप झुकतं असणार.) 1914 चं युद्ध लागलं म्हणून अधिकारी झाला, तुर्कस्तानात गॅलिपोलीला गोळी खाल्ली. पुढे हिंदी सैन्य धरलं, कारण ब्रिटिश पलटणीत घरून पैसा आल्याशिवाय अधिकाऱ्याचं भागत नसे. इथेही ओढाताणच, टोपणनावाने मासिकांत गोष्टी लिहून चार पैसे जोडायचा. गुरख्यांत राहून गुरखाली शिकला, उर्दू शिकला. जीपच्या बॉनेटवर चढून शिपायांशी थेट त्यांच्या बोलीत बोलायचा.

1943 मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवरची चौदावी सेना हाती आली तेव्हा एका जखमी जवानामागे 120 आजारी मागे धाडावे लागत. मुख्य शत्रू मलेरिया. त्यावरच्या मेपाक्रिनच्या पिवळ्या गोळ्या शिपाई चुकवत. स्लिमने अचानक तपासण्या लावल्या. गोळ्या घेणारे 95 टक्क्यांच्या खाली निघाले की त्या पलटणीचा कमांडिंग ऑफिसर घरी. तिघांना काढलं, मग बाकीचे आपोआप सरळ झाले. हे मला कुठल्याही चढाईपेक्षा मोठं वाटतं.

सांगशाक मार्च 1944 चं. पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीला तुमच्या आजोबांची पलटण. टेकडीवर पाणी नाही, काटेरी तार नाही, विमानातून टाकलेला बराच माल जपान्यांच्या हाती. 26 च्या रात्री माघारीचा हुकूम आला. पण तेवढ्या दिवसांत कोहिमा-इंफाळला सावरायला उसंत मिळाली, आणि त्या दोन ठिकाणीच जपान्यांचं कंबरडं मोडलं.

आजोबांचा शिपाई नंबर पेटीतल्या कागदांत शोधा. सापडला तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र टाकून विचारा. मूळ कागद मात्र पाठवू नका, झेरॉक्स पाठवा.