पान्ह्याचं औषध आंबोणातून का चालत नाही?

प्रश्न : म्हशीचं रेडकू दगावल्यापासून ती पान्हा सोडत नाही. शेजारी ऑक्सिटोसिन टोचायला सांगतात. सुई टाळून तेच आंबोणातून (धारेच्या वेळच्या खुराकातून) दिलं तर? त्यानं दूध वाढेल का?
— एक दूध उत्पादक, सत्तरी तालुका, गोवा

उत्तर : आंबोणात घातलेलं औषध वायाच जाईल. ऑक्सिटोसिन म्हणजे पान्हा सोडवणारं संप्रेरक, नऊ अमिनो आम्लांची (प्रथिनांच्या घटकांची) चिमुकली साखळी. तिच्यातली पहिली आणि सहावी कडी गंधकाच्या बंधानं एकमेकींना जोडलेली. त्यामुळे सहांचं कडं होतं आणि तिघांची शेपटी उरते. कासेतल्या पेशी हा आकार ओळखतात. पोटात गेल्यावर मात्र इतर प्रथिनांसारखी ही साखळीही पचून जाते. आकाराबाबत शरीर भारी काटेकोर. तिसरी आणि आठवी कडी बदला, की झालं व्हासोप्रेसिन! त्याचं मुख्य काम मूत्रपिंडात पाणी राखायचं.

दूध वाढवणं हे ऑक्सिटोसिनचं कामच नव्हे. कासेत तयार असलेलं दूध ते सडांकडे ढकलतं, एवढंच. दूध बनवण्याच्या कामात प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक लागतं आणि ते बरंच मोठं : गायीत 199 अमिनो आम्लं, चार मळसूत्री पिळांची जुडी. ते आपल्या दोन बाजूंनी पेशीवरचे दोन ग्राहक (निरोप घेणारी प्रथिनं) एकत्र पकडतं. एक बाजू बिघडली तर चिकटतं खरं, पण पेशीला निरोप पोचत नाही.

म्हशीच्या कासेतल्या पोकळीत जेमतेम 5 टक्के दूध असतं. बाकीचं वर बारीक पिशव्यांत. म्हणून पान्ह्याशिवाय सड ओढून उपयोग नाही. रोजची वेळ आणि रोजचाच हात ठेवा. आंबोण पुढ्यात ठेवून कोमट पाण्यानं कास धुवा, दोन-तीन मिनिटं चोळा आणि सड भरले की लगेच धार काढा. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, तेव्हा मध्येच उठून फोन घेऊ नका. ओरडलात, काठी उगारलीत तर अ‍ॅड्रेनालिन हे भीतीचं संप्रेरक वाढून पान्हा अडतो. धार अर्धवट सोडू नका. कासेत राहिलेल्या दुधामुळे पुढचं दूध बनणं मंदावतं.

रोज टोचून घेण्याची सवय लागली, की जनावर सुईशिवाय पान्हवेनासं होतं. पशुवैद्यांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध आणूच नका. पहिल्या धारा काळ्या वाटीत घेऊन पाहा. गुठळ्या दिसल्या किंवा कास गरम लागली तर दुखणं दगडीचं (कासेच्या सुजेचं) आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.